दोन बोटांची मालकी

ब्राउझरची थीम बदलण्याची इच्छा माणसाला सहसा निवांतपणी होत नाही. ती होते ऐन कामात. काहीतरी आजच संपवायचं असतं, त्याची फाइल पुढ्यात उघडी असते, कर्सर लुकलुकत असतो आणि उमेद मात्र दुपारच्या मांजरासारखी कुठेतरी अंगाचं मुटकुळं करून पडलेली असते. अशा घटकेला खिडकीच्या कोपऱ्यातले तीन ठिपके आपल्याकडे पाहू लागतात. ते दाबले की यादी उलगडते, यादीतून सेटिंग्ज, सेटिंग्जमधून रंगरूपाचं दालन, आणि तिथे छोटे छोटे रंगीत गोल ओळीने मांडलेले. एकावर टिचकी मारावी, तर खिडकीचा माथा तत्क्षणी हिरवा होतो. टॅब हिरवे, पत्त्याची चौकट पोपटीकडे झुकलेली, मागे-पुढे नेणारे बाणसुद्धा नुकतीच सर येऊन गेल्यासारखे टवटवीत. आपण खुर्चीत रेलतो, मान किंचित कलती करतो आणि ते दृश्य न्याहाळतो. खाली वीजबिलाचं पान असतं. देय रक्कम तीच असते, शेवटची तारीख तीच असते. ऋतू फक्त आभाळात पालटलेला असतो. जमिनीला त्याची वर्दी गेलेली नसते.

आणि हे आभाळ तरी केवढं? मोजायला गेलं तर जेमतेम दोन बोटं रुंद. पडद्यावरचा बाकी सगळा ऐवज परक्यांचा. बँकेचं पान बँकेने ठरवलेल्या रंगात येतं, रेल्वेचं आरक्षण रेल्वेच्या मर्जीने उघडतं, बातमीच्या दोन परिच्छेदांमध्ये गादीची जाहिरात येऊन पसरते आणि तिला ‘जरा सरक’ असंही म्हणता येत नाही. या एवढ्या पसाऱ्यात आपली म्हणावी अशी जागा माथ्यावरच्या पट्टीपुरती. म्हणून मग माणूस आयुष्यभराची रसिकता तिथे ओततो. कुणी हिमालयाची रांग आणून बसवतो. पट्टीच्या उंचीत शिखरं मावत नाहीत, तेव्हा नुसता पायथा पाहून समाधान मानतो. कुणी समुद्र आणतो, आणि टॅब वाढत गेले की समुद्रच त्यांच्याखाली बुडून जातो. हे सारं पाहणारे आपण एकटेच. अपवाद ऑनलाइन मीटिंगचा. ‘माझी स्क्रीन दिसतेय ना सगळ्यांना?’ असं करड्या आवाजात विचारून साहेब तिमाहीचे आकडे दाखवू लागतात, आणि त्या आकड्यांच्या डोक्यावर गुलाबी रोहित पक्ष्यांचा थवा उतरलेला साऱ्या विभागाला दिसतो. कुणी काही बोलत नाही. पण त्या दिवसापासून साहेबांची कडक ईमेल पूर्वीइतकी कडक लागत नाही. याउलट गुप्त खिडकीचं. ती उघडली की ब्राउझर आपणहून काळा पोशाख चढवतो, जुन्या रहस्यकथेतल्या त्या इसमासारखा, ज्याचा काळा कोट पाहूनच अख्ख्या गावाला कळावं की आला गुप्तहेर.

सुरुवातीला रंगांचा हा प्रश्नच नव्हता, कारण सगळंच राखाडी होतं. १९९३ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मोझेक नावाचा ब्राउझर तयार झाला आणि त्याच्यामुळे वेब प्रयोगशाळांतून बाहेर पडून लोकांच्या घरी गेलं. मोझेकची चौकट राखाडी, बटणं राखाडी, पानाची जमीनही राखाडी; तिच्यावर काळी अक्षरं आणि खाली रेघ ओढलेले निळे दुवे. १९९५ मध्ये नेटस्केपच्या १.१ आवृत्तीने पानाची पार्श्वभूमी रंगवण्याची मुभा दिली. पुढे जे झालं ते ज्यांनी पाहिलं त्यांच्या डोळ्यांना अजून आठवत असेल. काळ्यावर पिवळी अक्षरं, जांभळ्यावर हिरवी, मागे चांदण्यांचं आभाळ फरशी-फरशीने जोडलेलं. पानांनी रंगपंचमी खेळून घेतली, पण ती दाखवणारा ब्राउझर स्वतः मात्र कोरड्या कपड्यांनी कडेला उभा. २००० सालच्या नोव्हेंबरात नेटस्केप ६ आला तेव्हा त्याच्याबरोबर दोन थीम आल्या. एकीचं नाव क्लासिक, दुसरीचं मॉडर्न. रूप पालटायचं असेल तर निवड करायची ती जुनं ठेवायचं की नवं घ्यायचं, एवढीच. मध्यमवर्गाला या प्रश्नाची सवय होतीच.

त्या सुमारास आमच्याकडे इंटरनेट म्हणजे सायबर कॅफे. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला, पण आमच्या तालुक्याच्या गावापर्यंत ते येईतो शतक पालटलं. प्लायवूडचे कप्पे, त्यांना फुलाफुलांचे पडदे, आणि दाराशी वही घेऊन बसलेला मुलगा, जो आपण खुर्चीत बसण्यापूर्वीच वेळ टिपून घेत असे. तिथल्या एका संगणकावर कुणीतरी एक फुकटचा टूलबार बसवून ठेवला होता, आणि त्यामुळे त्याच्या ब्राउझरच्या माथ्यावर निळ्याशार पाण्यातून डॉल्फिन उडी घेत असे. बाकीची सगळी यंत्रं राखाडी, हे एकच असं नटलेलं. दुसरं मोकळं असलं तरी आम्ही डॉल्फिनवाल्यासाठी ताटकळायचो. डॉल्फिनच्या मागोमाग जाहिरातींच्या खिडक्याही यायच्या. एक मिटावी तर दोन उघडायच्या, तासातली बरीच मिनिटं त्या मिटवण्यात जायची, आणि तीही वहीत चढायची. तरी ताटकळायचो. बारावीचा निकाल डॉल्फिनखाली पाहिला काय किंवा राखाडीखाली पाहिला काय, गुण पडायचे तेवढेच पडणार, हे आम्हालाही कळत होतं. पण माझा एक मित्र आजही गंभीर चेहऱ्याने सांगतो, की घाई केली, दुसऱ्या यंत्रावर पाहिला. डॉल्फिनवर थांबलो असतो तर गणितात सुटलो असतो.

आपल्या वाट्याला दोनच बोटं का आली, याची कथा त्याहून जुनी आहे. १९९४ च्या ऑक्टोबरात होकोन वीउम ली या नॉर्वेजियन तरुणाने, जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत काम करत असताना, वेबपानांचं रंगरूप ठरवण्याची एक पद्धत सुचवली. तीच पुढे सीएसएस म्हणून जगभर रुळली. पण त्या पहिल्या मसुद्यात एक सोय होती, जिच्याबद्दल वाचून मला नेहमी गहिवरून येतं: नियमापुढे टक्केवारी लिहायची. मथळा एवढा मोठा असावा, असं पान लिहिणारा म्हणणार. पण त्याचा हा आग्रह किती टक्के, हेही त्याने सांगायचं. वाचणाऱ्याचीही आपली एक आवड असणार, आणि ब्राउझरने दोघांची वजनं पाहून मधला मार्ग काढायचा. वाचकालाही काही म्हणायचं असेल, ही शक्यता कुणाच्या तरी मनात आली होती, आणि तिला आकड्यात जागाही काढून ठेवली होती. पुढच्या घडणीत टक्केवारी गळून गेली. वाचकाची स्वतःची नियमावली असू शकते, हे कलम नियमांच्या पोथीत शाबूत आहे, पण ते वापरणारा सहसा भेटत नाही. फायरफॉक्समध्ये तशी फाइल ठेवायची सोय अजून आहे; मात्र २०१९ पासून एक आडबाजूचा खटका दाबल्याशिवाय ती फाइल वाचलीही जात नाही. कधीकाळी टक्क्यांनी हिस्सा मिळणार होता तो वाचक आता हिरव्या पट्टीवर खूश आहे, आणि त्याचं खूश असणंही खोटं नाही.

ती पट्टीसुद्धा बिनघोर नाही, हे अलाहिदा. फायरफॉक्सच्या जुन्या थीम नुसता रंग देत नसत. बटणांचे आकार, टॅबची वळणं, कडांवरची झिलई असं सगळं नव्याने घडवत. हौशी लोक रात्री जागवून त्या करत आणि फुकट वाटून टाकत. २०१७ च्या नोव्हेंबरात ५७ वी आवृत्ती आली, आतलं यंत्र बदललं, वेग वाढला, आणि जुन्या घडणीच्या साऱ्या थीम एका अपडेटसरशी निकामी झाल्या. उरल्या त्या हलक्याफुलक्या: मागे एखादं चित्र आणि चार रंग. मग २०२१ च्या नोव्हेंबरात, ९४ व्या आवृत्तीबरोबर, त्याच घरातून कलरवेज नावाचे १८ रंगसंच आले. ६ रंग, प्रत्येकाच्या सौम्य, मध्यम आणि ठळक अशा ३ तऱ्हा, आणि सगळे मुदतीचे! ठरलेल्या तारखेनंतर ते दालनातून उठणार. ज्याने तोवर लावून घेतला त्याच्याकडे राहणार. संगणकावरचा रंग म्हणजे खरं तर तीन आकडे. लाल किती, हिरवा किती, निळा किती, प्रत्येकी ० ते २५५. त्यांच्या जुळण्या होतात १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. या कोठारातला एकही दाणा वापराने कमी होत नाही. तरीसुद्धा जांभळ्याची मुदत संपत आली आहे, हे कळल्यावर चांगला शिकलासवरलेला माणूस अस्वस्थ होतो आणि घाईघाईने तो लावून टाकतो. लावल्यावर लक्षात येतं, की आपल्याला जांभळा आवडत नाही. पण काढला आणि परत मिळाला नाही तर? म्हणून तो राहू देतो. अशा रीतीने जगातल्या कित्येक खिडक्यांवर एक नावडता रंग जिवापाड जपला गेला असणार.

दीड कोटीवर रंग असले तरी त्यांच्यातल्या फार थोड्यांना नाव आहे. वेबच्या प्रमाण यादीत ते दीडशेसुद्धा भरत नाहीत. ही नावं बरीचशी युनिक्सच्या संगणकांवरच्या एक्स-११ नावाच्या जुन्या प्रणालीतून आली. ती ठेवणारी मंडळी जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी बसली असावीत. यादीत टोमॅटो आहे, सामन मासा आहे, सोललेला बदाम आहे, पपई घुसळून केलेलं काहीतरी आहे. आणि सगळ्यांत मौजेचा प्रकार राखाडीचा. या यादीतला ‘गडद राखाडी’ साध्या राखाडीपेक्षा फिका आहे. झालं असं, की साधा राखाडी एका यादीतून आला, गडद राखाडी दुसऱ्या यादीतून. दोघांची आधी कधी गाठच पडली नव्हती. एका ठिकाणी आल्यावर घोटाळा दिसला, पण तोवर दोघेही आपापल्या जागी मुरले होते. तेव्हा ठरलं, की राहू द्यावं. गेली कित्येक वर्षं गडद हा फिका आणि साधा हा गडद, असं प्रमाण मानून अवघं जग पानं रंगवत आहे.

हे मी आमच्या आत्याला सांगितलं तेव्हा तिला जराही नवल वाटलं नाही. ती म्हणाली, ‘पुरुषांनी नावं ठेवली असतील.’ तिच्याबरोबर लक्ष्मी रस्त्यावरच्या साड्यांच्या दुकानात गेलेल्या माणसाला या उत्तराचं वजन कळेल. आमसुली, चिंतामणी, कोनफळी, गुलबक्षी, मोतिया, श्रीखंडी असे रंग ती नुसत्या नजरेने वेगळे करते. एकदा विक्रेत्याने ‘हा घ्या अबोली’ म्हणून घडी उलगडली, तर तिने ती दोन बोटांनी उन्हाकडे धरली आणि शांतपणे म्हणाली, ‘अबोलीच आहे हो, पण शेंदरीच्या वाटेला लागलेला.’ विक्रेत्याने मुकाट्याने घडी मिटली. पन्नाशी ओलांडलेला तो गृहस्थ नंतर माझ्याकडे पाहून हळूच म्हणाला, ‘बरोबर आहे त्यांचं.’

वेबच्या त्या यादीत पुढे एक नाव वाढलं. एरिक मायर हे सीएसएसवर पुस्तकं लिहिणारे अमेरिकी लेखक. पानं रंगवणारी एक पिढी त्यांच्या पुस्तकांवर शिकली. त्यांची धाकटी मुलगी रिबेका मेंदूच्या कर्करोगाने २०१४ च्या जूनमध्ये गेली, तिच्या सहाव्या वाढदिवशी. तिला जांभळा रंग आवडायचा. या क्षेत्रातल्या लोकांनी ठरवलं, की ६६३३९९ या आकड्याच्या जांभळ्याला तिचं नाव द्यायचं. तिला लाडाने बेका म्हणत, म्हणून ‘बेकापर्पल’ असं सुचवलं गेलं. तेव्हा वडिलांनी एक दुरुस्ती सांगितली. बेका हे बाळांचं नाव आहे, मी सहा वर्षांची झाले की सगळ्यांनी मला रिबेका म्हणायचं, असं तिने बजावून ठेवलं होतं. ती जवळजवळ बारा तास सहा वर्षांची होती. तेव्हा नाव रिबेकाच हवं. त्याच महिन्यात ‘रिबेकापर्पल’ यादीत दाखल झालं, आणि आज कुठल्याही ब्राउझरला ते नाव सांगितलं की तो तोच जांभळा काढून दाखवतो. ज्या यादीत गडद राखाडी फिका निघाला तरी कुणी हात लावला नव्हता, ती यादी एका मुलीच्या हट्टासाठी उघडली गेली. रंगाने काय फरक पडतो, असं त्यानंतर मी फारसं म्हणत नाही.

आत्या आमच्याकडेच असते. घरात संगणक एक आणि बसणारे अनेक, म्हणून ब्राउझरमध्ये प्रत्येकाची वेगळी प्रोफाइल आहे आणि प्रत्येकीला वेगळा रंग. माझी हिरवी, भाचीची दर आठवड्याला निराळी, आत्याची अबोली. तो अबोली ठरवायला आमची एक अख्खी दुपार गेली, कारण शेंदरीच्या वाटेला लागलेले बरेच निघाले. आत्याला टॅब, विंडो, प्रोफाइल हे शब्द येतात, पण ती ते वापरत नाही. ‘माझं अबोली उघड,’ म्हणते. त्या अबोलीखाली पंढरपूरचं दर्शन असतं, शब्दकोडं असतं, आणि नाशिकच्या धाकट्या बहिणीशी चालणारं बोलणं असतं, ज्यात दोघींचे कॅमेरे बहुतेक वेळ छताकडे असतात. चुकून माझी हिरवी खिडकी समोर आली तर ती हात मागे घेते. परक्याच्या घरात शिरल्यासारखं वाटतं म्हणते. एकदा मी शहाणपणा करत म्हटलं, ‘आत्या, अगं, रंग बदलला म्हणून आतलं काही बदलत नाही. हिरव्यातही विठोबा तोच.’ तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘अरे, साडी बदलली तरी आत मी तीच असते. म्हणून काय जन्मभर एकच नेसू?’

तरी साड्यांशी तिचा व्यवहार आता कमी झाला आहे. गुडघे फार वेळ उभं राहू देत नाहीत, घरात गाऊनच बरा पडतो. याचं तिला एरवी काही वाटत नाही, वाटतं ते नवरात्रात. नवरात्राच्या नऊ रंगांचा उगम पोथीत शोधू नये, तो वर्तमानपत्रात सापडतो. पण लोकलचा डबा नि कचेऱ्यांचे मजले हे रंग इतक्या निष्ठेने पाळतात की पोथीलाही हेवा वाटावा. हिशोब वाराचा आहे. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी राखाडी, रविवारी केशरी; उरलेल्या दोन दिवसांना मोरपंखी, गुलाबी असे पाहुणे रंग. नोकरीत असताना आत्याने एकही चुकवला नाही. यंदा घट बसायच्या आदल्या दिवशी तिने मला बोलावलं, रंगांचं कात्रण पुढे केलं आणि अबोली खिडकीकडे बोट दाखवून म्हणाली, ‘माझ्या गुडघ्यांना नाही जमत. हिला तरी नेसव.’

तेव्हापासून मी रोज रात्री जेवणं झाली की दुसऱ्या दिवसाचा रंग लावून ठेवू लागलो. शुक्रवारी मात्र सुट्टी मिळेल अशी आशा होती. उद्या राखाडी, थीम काढून टाकली की ब्राउझरचा मूळ राखाडी आपसूक येईल. आत्याने ते ऐकलं आणि मान हलवली. ‘तो त्यांनी दिलेला. मला माझा राखाडी हवा.’ संगणकात काळा आणि पांढरा धरून राखाडीच्या २५६ पायऱ्या आहेत. आम्ही खुर्च्या ओढून घेतल्या आणि काळ्यापासून चढायला लागलो. हा कोळशाचा, हा शिशाचा, हा पावसाळी, हा धुवून धुवून विटलेला. मध्यावर साधा राखाडी लागला, तो तिला भारी वाटला. ‘गडद नको रे,’ ती म्हणाली, ‘वय झालं आता. जरा फिका बघ.’ आणखी काही पायऱ्या वर गेल्यावर तिने माझा हात थांबवला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ‘हा. हाच.’ मी खालचा आकडा पाहिला. यादीतलं त्याचं नाव होतं गडद राखाडी.